चारा चांगला, पण कुणासाठी?

गेल्या मे महिन्यात पुण्याहून रेवदंड्याजवळच्या आमच्या गावी जाताना मी गाडीत मक्याच्या मुरघासाची पिशवी टाकून नेली. बाबांचा बैल म्हातारा झालाय, नांगराला जुंपत नाहीत. वर्षभर भाताचा पेंढा चघळतो. मला वाईट वाटायचं. पोचल्या पोचल्या घमेलंभर मुरघास ओतला, वर मक्याचा भरडाही टाकला. त्याने सगळं चाटूनपुसून खाल्लं. मी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी शेण पातळ, रवंथ बंद. डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं, "चारा बदललात का?"

बैलाच्या मोठ्या पोटात जिवाणूंची वसाहत असते. चारा आधी ते फोडतात, त्यातून जे निघतं त्यावर बैल जगतो. पेंढ्यात सिलिका आणि लिग्निन भरपूर, तो फुटायला वेळ लागतो. म्हणून बैल तासन्‌तास रवंथ करतो आणि त्या वेळी सुटणारी लाळ पोटातलं आम्ल ताब्यात ठेवते. मक्याच्या मुरघासात दाणेही असतात. त्यांतलं स्टार्च झपाट्याने आंबतं, आम्ल चढतं, पेंढा फोडणारे जिवाणू मरतात. भरडा घातला की आणखीच. नेपियर गवताच्या मुरघासात दाणा नसतो, तो त्यामानाने सावकाश पचतो. पण कुठलाही नवा चारा दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा वाढवायचा असतो. ऑफिसात मी शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावत नाही. इथे सगळी सिस्टिम एका रात्रीत बदलली होती.

बैल आठवड्याभरात सावरला. मी मात्र एका प्रश्नात अडकलो. अमेरिकेत मांसासाठी पोसलेल्या गुरांना मक्याचा मुरघास आणि धान्य देतात. तिथे मुख्य माप असतं ते वजन: रोज किती किलो चढलं? महाराष्ट्रात २०१५च्या कायद्याने गायींप्रमाणे बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. आमच्या बैलाचं वजन कुणालाच नको आहे. तो दूध देत नाही, कामही करत नाही. मग त्याच्यासाठी चांगला चारा कोणता, हे मोजायचं कशाने?

मी माझ्या मनाला किती बरं वाटलं यावर मोजत होतो. बाबा म्हणाले, "तू त्याच्या तोंडाकडे बघत होतास. शेणाकडे बघायचं असतं."

पण बाबांचंही सगळं बरोबर नव्हतं. नुसत्या पेंढ्यात प्रथिनं फारच कमी, त्याच्या फासळ्या लांबून मोजता येतात. कायदा त्याला मारू देत नाही, पण नीट पोसण्याचा खर्च बाबांच्याच माथी येतो. मुरघासाचं नाव काढलं की ते म्हणायचे, "कामाच्या बैलाला नाही दिला, याला कुठून देऊ?" यात निर्दयपणा नव्हता, हिशेब होता. त्या हिशेबात मी आजवर एक रुपया घातला नव्हता.

आता पिशवीचे पैसे मी पाठवतो. किती आणि कधी द्यायचा, ते बाबा ठरवतात. सुरुवात पेंढ्यात कालवलेल्या दोन मुठींनी झाली. उघडलेल्या पिशवीत हवा शिरली की मुरघास बुरसतो, म्हणून उरलेला शेजारच्या म्हशींना जातो. रविवारी बाबा व्हिडिओ पाठवतात. त्यात बैलाचं तोंड क्वचितच दिसतं.