प्रोसेसरचा रिकामा वेळ आणि नैयायिकांचा अभाव

एखादी गोष्ट नसणे हासुद्धा वस्तुस्थितीचा भाग असतो का, की ती फक्त आपल्या बोलण्याची सोय? भारतीय दर्शनांत हा वाद शतकानुशतके चालला. उत्तरकालीन न्याय-वैशेषिकांनी अभावाला द्रव्य-गुणांच्या पंगतीत सातवा पदार्थ म्हणून बसवले. मीमांसक कुमारिल भट्टांनी तो कळण्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे वेगळे प्रमाण मानले. प्रभाकरांनी दोन्ही नाकारले: जमिनीवर घडा नाही म्हणजे नुसती जमीन आहे, एवढेच. मला नैयायिकांची बाजू बळकट वाटते, आणि तिचा एक चांगला पुरावा लिनक्सच्या हिशेबवहीत मिळतो.

लिनक्सवर /प्रॉक/स्टॅट ही फाइल उघडली की पहिल्याच ओळीत सीपीयूपुढे आकड्यांची रांग दिसते. यंत्र सुरू झाल्यापासून प्रोसेसरचा वेळ कुठे गेला याचा हा जमाखर्च, बहुतेक यंत्रांवर सेकंदाच्या शंभराव्या भागात मांडलेला. आकडे साचत जाणारे, म्हणून थोड्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करावी लागते. टॉपसारखी साधने तेच करतात. चौथा आकडा आयडलचा, पाचवा आयओवेटचा. दोन्ही वेळांत प्रोसेसर करतो एकच: चालवण्याजोगे काम नसल्याने शेड्युलर आयडल टास्कला जागा देतो आणि प्रोसेसर पुढच्या इंटरप्टपर्यंत झोपतो. फरक एवढाच, की आयओवेटच्या वेळी डिस्कच्या उत्तरासाठी थांबलेली एखादी प्रोसेस शिल्लक असते. अधिष्ठान, म्हणजे अभाव जिथे आहे ती जागा, तेच, अवस्थाही तीच, तरी खाती दोन. अधिष्ठानालाच अभाव म्हटले तर ही खाती वेगळी ठेवायला आधारच उरत नाही. नैयायिकांच्या मते अभाव ओळखला जातो तो प्रतियोगीवरून, म्हणजे जे नाही त्यावरून. पहिल्या खात्यात कामच नाही. दुसऱ्यात काम आहे, पण त्याला लागणारा डेटा पोचलेला नाही. वेगवान डिस्क बसवली तर दुसरे खाते आटते, पहिल्यावर तिची मात्रा चालत नाही. ज्या भेदाचा असा परिणाम दिसतो, त्याला नुसती बोलण्याची सोय कसे म्हणावे?

प्रभाकरांचा अनुयायी म्हणेल, आयडल टास्क तर प्रत्यक्ष चालते, मग अभाव कुठला? पण ती चालते ती दुसरे काही चालवण्याजोगे नसते म्हणूनच; तिचे कारण सांगताना पुन्हा अभावाकडेच वळावे लागते. दुसरा आक्षेप जड आहे. आयओवेट भरवशाचा नाही, तो कधी कधी घटतोही, असे लिनक्सची मॅन्युअलच बजावते. खरे आहे, मात्र त्याचे एक कारण पाहा. थांबलेली प्रोसेस कोणत्याच कोअरवर चालत नसते, त्यामुळे अनेक कोअरच्या यंत्रात तिचे थांबणे कोणाच्या नावे लिहायचे हे नीट ठरत नाही. प्रतियोगी निश्चित, अधिष्ठान अनिश्चित. शंका आहे ती पत्त्याबद्दल, अभावाबद्दल नव्हे. मीमांसकांची एक अट मात्र इथे पाळलीच पाहिजे: दिसत नाही म्हणून नाही, असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा ती गोष्ट असती तर दिसलीच असती. घड्याळाच्या ठोक्यागणिक डोकावून हिशेब ठेवणारा कर्नल या अटीत बसत नाही. दोन ठोक्यांच्या मधे येऊन गेलेले काम त्याला दिसतच नाही. २००७ साली २.६.२१ आवृत्तीत आलेल्या टिकलेस पद्धतीत प्रोसेसर झोपेत शिरल्याची आणि जागा झाल्याची वेळ थेट नोंदली जाते, आयडलचा आकडा त्यावरून निघतो. त्या आकड्याला अभावाचे ज्ञान म्हणायला मी तयार आहे. ठोक्यांवरून काढलेल्या आकड्याला फक्त अंदाज.