बसतं म्हणून

आमच्या घरात वस्तू फेकण्याची परंपरा नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे, पाठकोरे कागद, चार पंचवार्षिक योजनांमागच्या छत्रीच्या काड्या, सगळं माळ्यावर नांदत असतं. काटकसर हा सद्गुण आहे, आणि तो ठेवायला माळा लागतो. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेलं आणि आम्ही कागदोपत्री पुणेकर झालो. या एका बाबतीत आधीपासूनच होतो.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमचा कॉम्प्युटर ‘फट्’ असा आवाज करून निवर्तला. वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा राहतो. त्याने नाडी पाहिली आणि एसएमपीएस गेल्याचं सांगितलं. (घरातल्या विजेचं कॉम्प्युटरला पचेल असं वरण-भात करणारा डबा, म्हणजे एसएमपीएस.) मी बुधवारातल्या तपकीर गल्लीत जाऊन, घासाघीस करून, नवा घेऊन आलो. नव्या डब्याबरोबर पिशवीभर नव्या वायरीही होत्या. पण जुन्या डब्याच्या वायरी आत छान पट्ट्या बांधून बसलेल्या! दोन्ही डबे सुट्या वायरींचे.

“काका, जुन्या सगळ्या काढाव्या लागतील,” मुलगा म्हणाला.

“का? त्या काय म्हणताहेत?”

त्याने समजावलं. वायरीचं डिस्ककडचं किंवा मदरबोर्डकडचं टोक जगात सगळीकडे सारखं. ते ठरलेलं आहे. डब्याकडच्या टोकाला मात्र कसलाच कायदा नाही. कुठल्या पिनेतून किती व्होल्ट, हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. कधी एकाच कंपनीचे दोन डबेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत.

मी जुन्या वायरीचं टोक नव्या डब्यात लावून पाहिलं. टक्! “बसतंय की! अरे, वायर म्हणजे तांबं. तांब्याला कंपनी कळते होय?”

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “तुम्ही म्हणताय तर...” आणि बटण दाबलं.

स्फोट वगैरे काही झाला नाही. नुसता एक वास आला. हार्ड डिस्कच्या ज्या पिनेला ५ व्होल्ट हवे होते, तिथे १२ गेले होते. साध्या डब्यात ५ व्होल्टची तार लाल आणि १२ची पिवळी असते. इथे सगळ्या काळ्याच, त्यामुळे रंगाने ओरडून सांगायचीही सोय नव्हती.

त्या डिस्कवर माझी आई होती. २०१४ साली मी तिला माजघरात बसवून चाळीस मिनिटं ओव्या म्हणायला लावल्या होत्या, मधे दोनदा ती खोकते आणि एकदा “हे चालू आहे का रे?” असं विचारते. २०१७ साली ती गेली. दुसरी प्रत नव्हती. दुसरी डिस्क घेणं म्हणजे उधळपट्टी!

आता पाहा, आपल्याकडे १५ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग ५ अँपिअरच्या सॉकेटात जातच नाही. तो ज्याने केला त्याचा माणसाच्या अकलेवर काडीचा विश्वास नव्हता, देव त्याचं भलं करो. जे बसत नाही ते चूक, हे आम्ही त्या प्लगाकडून शिकलो. जे बसतं ते बरोबर, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. ते आम्ही आपल्या मनाने जोडलं. आमच्याच मांजरीत द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. कुठल्या खुंटावर कुठल्या द्राक्षाचं कलम करावं, यासाठी ती माणसं वर्षानुवर्षं प्रयोग करतात. कलम चिकटलं की काम झालं, असं ती म्हणत नाहीत. मी मात्र ‘टक्’ ऐकून मोकळा झालो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मुलगा पांढराफटक पडून म्हणाला, “चूक माझी, काका.” आणि मी म्हणालो, “असू दे रे, होतं असं.”

म्हणजे मी त्याला क्षमा केली! क्षमा करणं फार सोपं असतं, विशेषतः आपल्याच अपराधाची. तीन दिवस बिल्डिंगमध्ये माझ्या मोठ्या मनाचं कौतुक चाललं होतं आणि मी ते चहाबरोबर घेत होतो. रात्री मात्र कोर्ट भरे. जाणता तो होता. त्याने ठाम नाही म्हणायला हवं होतं. रोगी म्हणतो म्हणून डॉक्टर भलतीकडे सुरी चालवतो का? वकीलपत्र उत्तम होतं. अडचण एवढीच, की तो एकोणीस वर्षांचा आणि मी अडुसष्ट. त्याने दुसऱ्यांदा नाही म्हटलं असतं, तर ‘हल्लीची पोरं उद्धट’ हे वाक्य सगळ्यांत आधी माझ्याच तोंडून निघालं असतं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराचा हिशोब कुणाच्या खात्यावर मांडायचा?

चौथ्या दिवशी जिना चढलो. त्याच्या वडिलांना म्हटलं, “साहेब, वायरी मी लावायला लावल्या.”

“ठाऊक आहे आम्हाला,” ते म्हणाले. “त्याने त्याच रात्री सांगितलं. म्हणाला, काकांना काही बोलू नका, आधीच त्यांच्या आईचा आवाज गेलाय.”

मला खुर्ची दिली, मी बसलो नाही.

डिस्क सध्या एका दुरुस्तीवाल्याकडे आहे. जळली ती बाहेरची हिरवी पाटी. आतल्या तबकड्या शाबूत असतील तर आवाज निघेल, असं तो म्हणतो. त्याचा फोन अजून आलेला नाही. परवा मुलगा खाली आला, जुना मेलेला डबा आणि त्याच्या सगळ्या वायरी एकत्र बांधून घेऊन.

“काका, टाकून देऊ?”

“माळ्यावर ठेव,” मी म्हणालो. “पण गाठ सोडू नकोस.”