पावती कोणाच्या नावाने?

माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी पूर्वी होडीने ओलांडावी लागे. तिथे रस्ता बांधायला पैसे देण्याची वेळ आली तेव्हा सरकारने हात वर केले. व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. रक्कम त्या काळी प्रचंडच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांनी घातलेली अट: या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. पैसा कसा वापरायचा, हेही बाईंनीच ठरवले.

आज मात्र सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते देणगी मागायला घरी जातात ते साहेबांना भेटायला. वहिनी पोहे घेऊन येतात, "उगाच कशाला त्रास," असे सगळे म्हणतात. वहिनी माहितीपत्रक उभ्यानेच चाळतात आणि विचारतात, "मुलींच्या वसतिगृहात रात्री कोण असतं?" तासाभराच्या बैठकीतला हा सर्वांत नेमका प्रश्न असतो. उत्तर मात्र साहेबांकडे बघून दिले जाते.

पुढे त्याच वहिनी स्वतःच्या पेन्शनमधून पाच हजार रुपये काढून देतात. पावती फाडणारा विचारतो, "नाव साहेबांचंच घालू ना?" कित्येक पावतीपुस्तकांवर 'श्री.' आधीच छापलेले असते. यात फक्त मान राखण्याचा प्रश्न नाही. प्राप्तिकराची सवलत पावतीवरच्या माणसाला मिळते. वार्षिक अहवाल, सभेचे निमंत्रण, पुढच्या वर्षीचे पत्र, सारे त्याच नावाने जाते. पैसे देणारी बाई संस्थेच्या वहीत कुठेच नसते आणि मग आपणच म्हणतो, बायका देणगी देत नाहीत!

मागायला कोण जाते, यानेही फरक पडतो. हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी स्वतः विधवा असलेल्या पार्वतीबाई आठवले गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, 1918 मध्ये तर त्या थेट अमेरिकेला निघाल्या. विधवेने चारचौघांत उभे राहणेही लोकांना खपत नव्हते, असा तो काळ. आज कित्येक संस्थांचे निम्म्याहून अधिक काम बायकाच ओढतात, तरी देणगीची बोलणी पुरुषांकडेच.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, अखेर मंगळसूत्रही. ही हकीकत सांगताना वक्त्याचा गळा दाटतो, सभेतल्या बायकांचे डोळे भरतात. त्याच क्षणी झोळी फिरवणे मला अनुचित वाटते. लक्ष्मीबाईंचा तो स्वतःचा निर्णय होता. अनेक घरांत आजही दागिने हाच बाईचा एकमेव आधार असतो, त्याला हात घालायला लावणारी संस्था कितीही चांगली असली तरी चुकते. तिच्या मिळकतीतून जमेल तेवढेच मागावे. शंभर रुपये असले तरी पावती तिच्याच नावाची द्यावी.

आणि बाई दिसली की शिवणयंत्रांसाठीच मागायचे, हेही सोडा. आवाबाईंनी रस्ता बांधून दिला. एखादीला विहीर, ग्रंथालय नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यातले यंत्र द्यायचे असेल. तिला विचारल्याशिवाय कसे कळणार? विश्वस्त मंडळात एक महिला असते खरी, पण बऱ्याचदा सहीपुरती. तिला खजिनदार करून पाहा, बैठकीत प्रश्न वाढतील आणि ते संस्थेच्या भल्याचेच असतील.

संस्थाचालकांना विनंती एवढीच: येत्या वार्षिक सभेची निमंत्रणे धाडण्याआधी देणगीदारांची यादी काढा, कोणत्या घरातून पैसे प्रत्यक्षात कोणी दिले ते विचारा आणि बाईंनी दिले असतील तिथे पत्र त्यांच्या नावाने पाठवा. सोबत गेल्या वर्षीचा हिशेबही जोडा.