भार उचलणारा कोण?

मस्तकावर ओझे तोलणे ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याच्या परिसरात कोणाला अपूर्वाईची गोष्ट नाही. चिरेखाणीतला गडी डोक्यावर चुंबळ ठेवून जांभ्याचा चिरा वाहतो, गणेशचतुर्थीला घरचा कर्ता पुरुष मूर्ती डोक्यावर घेऊन पायवाट उतरतो, आणि मान, कणा व टाच एका रेषेत राखण्याची विद्या दोघांनाही कोणी न शिकवता अवगत असते. परंतु तोच भार मस्तकाच्याही वर, ताठ बाहूंवर तोलावयाचा झाला, की ज्याला आपण निखालस बाहुबळाचा प्रकार समजतो त्यातूनच एक पुरातन प्रश्न उभा राहतो: हा भार उचलला कोणी?

येथील एका व्यायामशाळेत वेटलिफ्टिंग शिकू पाहणाऱ्या मुलाच्या हाती प्रथम लोखंड देत नाहीत; साधी काठी देतात. ती रुंद पकडीने डोक्यावर धरून त्याने पूर्ण बैठक मारावयाची. काठी कानांच्या रेषेपुढे किंचित झुकली, की टाच जमिनीवरून सुटते, आणि शिकवणारे गृहस्थ अवाक्षर न बोलता त्या फटीत कागदाचा कपटा सरकवून दाखवतात. पुढे बार हाती आला, की त्याला कळते की स्नॅचमध्ये, म्हणजे भार एकाच ओघात डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, हात वजन वर रेटत नाहीत. पाय जमीन दाबतात, कंबर झटक्याने सरळ होते, बार वर येतो, आणि त्याचा वेग सरत असतानाच उचलणाऱ्याने चपळाईने त्याच्याखाली बसावयाचे असते. वाकलेले कोपर मागाहून रेटून सरळ केले, तर पंच ती उचल बाद ठरवतात. निव्वळ रेटण्याचा ‘प्रेस’ हा प्रकार तर १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकनंतर स्पर्धेतूनच खारीज झाला.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव, आणि असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, असा निर्वाळाही लगोलग दिला आहे. हे वचन पोथीत वाचून मान डोलावणे सोपे आहे. पण ज्याने ‘मी उचलतो’ या आवेशात हातांनी बार ओढला आणि तो आपल्यापुढे आदळताना पाहिला, त्याला त्याचा अर्थ भाष्यावाचून उमगतो, असे मला मनःपूर्वक वाटते. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य संन्यासात नसून कर्मात आहे असे प्रतिपादन केले, ते मान्य केले, तर व्यायामशाळेची जमीनही त्या विचाराला परकी राहत नाही.

खरी अडचण पाचव्या कारणाची आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ किलो उचलून सहा किलोंची आघाडी घेतली, क्लीन अँड जर्क या दोन टप्प्यांच्या प्रकारात १३५ पेलले. मात्र १३९ किलोंच्या दुसऱ्या प्रयत्नात उजव्या कोपराला इजा झाली, तरीही तो तिसऱ्यांदा मंचावर आला, आणि तोही प्रयत्न फसला. मलेशियाच्या अनिक कसदानची बेरीज २४९ झाली, संकेतची २४८. सुवर्णपदक एका किलोने गेले. आपल्याकडे अशा वेळी ‘नशीब’ हा शब्द उच्चारून कैफियत निकालात काढण्याचा शिरस्ता आहे. मला तो पसंत नाही. कोपर हे शरीराचे, म्हणजे अधिष्ठानाचेच अंग. त्याचा जमाखर्च दैवाच्या खाती मांडला, तर उरलेल्या चार कारणांची चौकशीच थांबते. उलट ते दैव नव्हेच असे म्हणणे म्हणजे त्या तरुणाच्या माथी दोष मारणे, आणि दुखऱ्या हाताने पुन्हा बारपाशी आलेल्या माणसावर तो आरोप करण्यास माझी जीभ रेटत नाही. दैवाचे कलम शास्त्रकारांनी गाळले नाही. पण मांडले ते चारांच्या नंतर. लांज्यातला तो मुलगा काठीवर जे महिने घालवतो, ते सारे त्या पहिल्या चारांच्याच हिशेबी जमा होतात.