आधीच झालेली सुटका

3 ऑक्टोबर 1995 रोजी तुम्ही अमेरिकेत असाल, तर ती दुपार तुम्ही विसरला नसाल. ओ. जे. सिम्पसनच्या खटल्याचा निकाल लॉस एंजेलिसमध्ये सकाळी दहाला, म्हणजे आमच्या न्यू जर्सीत दुपारी एकला लागणार होता. ऑफिसच्या कॅफेटेरियात टीव्हीसमोर उभं राहायलाही जागा नव्हती. 'नॉट गिल्टी' हे शब्द आले आणि त्या खोलीचे दोन तुकडे झाले. आमच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी जल्लोष केला, दोघीजणी तर एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. गोरी मंडळी सुन्न. आम्ही चार-पाच भारतीय त्या सुन्न बाजूला उभे होतो. तिथे उभे राहा असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

'पैसा असला की काहीही पचतं', असं मी जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणालो होतो. बहुतेक तुम्हीही असंच काही म्हणाला असाल.

आपली वर्तमानपत्रं अशा निकालाला 'निर्दोष मुक्तता' म्हणतात. शब्द छान आहे, पण त्यानं घोटाळा होतो. 'हा माणूस निर्दोष आहे' असं त्या बारा जणांनी म्हटलंच नव्हतं. सरकार पक्षाला गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध करता आला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आता शंका घ्यायला जागा होती का? हातमोजा बसला नाही, हे सगळ्यांना आठवतं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो हातमोजा सापडल्याचं सांगणारा डिटेक्टिव्ह मार्क फरमन. कृष्णवर्णीयांबद्दलची ती घाणेरडी शिवी आपण दहा वर्षांत उच्चारलेली नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलं, आणि नंतर त्याच्याच आवाजातल्या टेप्स बाहेर आल्या. त्याच शहरात 1991 मध्ये रॉडनी किंगला पोलिसांनी झोडपलेलं साऱ्या जगानं व्हिडिओवर पाहिलं होतं, आणि तरीही 1992 मध्ये ज्यूरीनं त्या चारांपैकी एकालाही दोषी ठरवलं नव्हतं. ज्यांच्या घरातल्या मुलांना पोलीस विनाकारण थांबवतात, त्यांना 'पोलीस खोटा पुरावा ठेवू शकतात' ही शंका वाजवी वाटते. मला ती तेव्हा वाजवी वाटली नाही, कारण मला तोवर कोणी थांबवलं नव्हतं. माझ्या अनुभवाचा तोकडेपणा मी तर्कशुद्धता म्हणून मिरवत होतो.

मग त्यानं खून केले नाहीत का? माझ्या मते केले. रक्ताचा पुरावा मला आजही पटतो. 1997 मध्ये दिवाणी खटल्यात दुसऱ्या ज्यूरीनं त्याला त्या मृत्यूंसाठी जबाबदार धरलं आणि एकूण तीन कोटी पस्तीस लाख डॉलर्स भरायला सांगितले. दिवाणी दाव्यात पुराव्याचं पारडं जरा जड असलं तरी पुरतं. त्यानं खून केले असं मानून, त्याला सोडणारा निकाल कायद्यानं चुकीचा नव्हता, असंही म्हणता येतं का? मला वाटतं, येतं. खोटं बोलणाऱ्या पोलिसाच्या भरवशावर सरकारला कुणालाही तुरुंगात टाकता येऊ नये. हा नियम श्रीमंताला परवडतो आणि गरिबाला परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय गरिबाला चांगला वकील देणं हा आहे. निकोलच्या बहिणींना किंवा रॉन गोल्डमनच्या वडिलांना हे तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती, हेही कबूल करतो.

पण इतक्या वर्षांनी मला त्या निकालापेक्षा दुसरीच तारीख जास्त छळते. 1 जानेवारी 1989. त्या पहाटे निकोलच्या फोनवरून पोलीस घरी आले, तेव्हा ती झुडपांतून धावत बाहेर आली. अंगावर मार होता. तुम्ही याआधी आठदा आलात, त्याच्याशी बोलता आणि परत जाता, असं ती पोलिसांना म्हणाल्याचं नंतर साक्षीत आलं. त्या वेळी सिम्पसननं आरोपाला विरोध केला नाही. त्याला दोन वर्षं प्रोबेशन आणि काही तास समाजसेवा एवढीच शिक्षा झाली, तुरुंग नाही. टीव्हीवरचं त्याचं काम चालू राहिलं. निकोलनं स्वतःच्या सुजलेल्या चेहऱ्याचे फोटो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले होते. ते सापडले ती गेल्यावर. तिचं वय पस्तीस होतं.

प्रसिद्धीनं त्याला खऱ्या अर्थानं सोडवलं ते तेव्हा. त्या दिवशी कुठल्या कॅफेटेरियात गर्दी जमली नाही. ना कोणी नाचलं, ना कोणी सुन्न झालं.

हे मी शहाणपणानं सांगतोय असं समजू नका. त्याच उन्हाळ्यात, खटला रोज टीव्हीवर चालू असताना, आमच्या ओळखीतल्या एका बाईंचा रात्री साडेअकराला फोन आला होता. बायको पाऊण तास बोलत होती. मी शेजारी बसून 'पोलिसांना बोलाव म्हणावं का तिला?' असं खुणेनं विचारलं, आणि तिनं उत्तर द्यायच्या आत स्वतःच मान हलवून नको म्हणालो. व्हिसा नवऱ्याच्या नावावर, मूल लहान, आणि नवरा म्हणजे मंडळाचा आधारस्तंभ. गणपतीचं नाटक तोच बसवायचा. फार हसतमुख माणूस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आंब्याची बर्फी घेऊन आमच्याकडे आला. 'वहिनी, काल जरा बोलाचाली झाली, तुम्हाला उगाच त्रास', म्हणाला. मी त्याला बसा म्हणालो. बायकोनं चहा टाकला, पण बाहेर आणून द्यायला ती आली नाही. कप मी आणले.

निकालानंतरच्या शनिवारी आम्ही सगळे एकाच घरी जेवायला जमलो होतो. ज्यूरीला नावं ठेवण्यात बाहेरच्या खोलीत आम्हा पुरुषांचा आवाज चढला होता, आणि त्यात त्याचाही होता. 'दुसरा कोणी असता तर सुटला असता का?' असं तो मला विचारत होता. मी म्हणालो, 'छे, शक्यच नाही.' त्याची बायको आत माझ्या बायकोबरोबर पुऱ्या लाटत होती.