पाचवी चिमणी



आजच्या शुभवर्तमानात (योहान २:१३-२२) प्रभू येशू वल्हांडण सणासाठी यरुशलेमला जातो. मंदिराच्या आवारात त्याला बैल, मेंढरे आणि कबुतरे विकणारे बसलेले दिसतात. दोऱ्यांचा कोरडा वळून तो मेंढरे व बैल बाहेर हाकलतो, सराफांचे चौरंग पालथे करतो. हा प्रसंग आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातील एक बारीक गोष्ट निसटून जाते. कबुतरांच्या पिंजऱ्यांना येशूने हात लावल्याचे संत योहान सांगत नाही. कबुतरे विकणाऱ्यांना तो फक्त तोंडाने सांगतो, की ही येथून घेऊन जा. मत्तय व मार्क त्यांच्या बैठका उलथल्याचे लिहितात, पण पिंजऱ्यांचा उल्लेख तेथेही नाही. पिंजरा आपटला तर आतल्या पाखरांचे काय होईल, हे येशूच्या मनात आले असेल काय? आम्हांला तसे वाटते. परंतु आपल्या आवडीचा अर्थ शास्त्राच्या तोंडी घालण्याचा मोह प्रवचनकाराने आवरलेला बरा. येशू तेथे प्राणीमित्र म्हणून गेला नव्हता, आपल्या पित्याच्या घराची दुकानदारी झाली म्हणून तो संतापला होता.

दुसरी गोष्ट. कबुतर हे गरिबाचे अर्पण होते. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने होल्यांची किंवा पारव्यांची जोडी आणावी, अशी सवलत लेवीय ग्रंथात (१२:८) दिली आहे. बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा पवित्र मरिया व संत योसेफ यांनी हीच सवलत घेतली, असे संत लूक लिहितो (२:२४). परगावाहून आलेल्या ह्या कुटुंबाने ती जोडी बहुधा तेथेच विकत घेतली असेल. म्हणजे ज्या बाजारावर येशू रागावला, त्या बाजाराचे गिऱ्हाईक एके काळी त्याचे स्वतःचे आईवडील होते.

हे सारे आज सांगण्याचे कारण आपल्याच आवारात घडले आहे. गेल्या वर्षी धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणासाठी जिवंत कोंबड्या आणाव्यात, स्वस्त पडतात आणि डोळ्यांदेखत ताज्या मिळतात, असे ठरले व आम्ही होकार दिला. शनिवारी संध्याकाळी टेम्पो आला. जाळीचे पिंजरे हॉलच्या मागे एकावर एक रचले गेले. वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्या कोंबड्यांच्या अंगावर पडत होती. रात्री दिवे मालवायला गेलो तेव्हा आपल्यातील एक आजी परातीत पाणी घेऊन पिंजऱ्यांशी बसलेल्या दिसल्या. आम्ही म्हटले, "आजी, ह्या तर उद्या सकाळी कापायच्याच आहेत." त्यांनी वर न बघताच विचारले, "उद्या मरायचंय म्हणून आज तहानेनं तडफडायचं व्हय, फादर?"

सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, पण ह्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही. सकाळी तीन कोंबड्या पिंजऱ्यातच मेलेल्या निघाल्या. ह्यात विक्रेत्याचा काही दोष नाही. शनिवारीच आणून ठेवा, असे त्याला आम्हीच सांगितले होते.

शहरांतून जिवंत जनावरांचे व पक्ष्यांचे बाजार बंद करावेत, अशी मागणी अलीकडे जगभर होते आहे. चीनमधील वुहान शहराचा बाजार १ जानेवारी २०२० रोजी बंद करण्यात आला, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अन्नासाठी पकडलेल्या जिवंत रानटी सस्तन प्राण्यांची बाजारातील विक्री थांबवावी असे सर्व देशांना सुचविले. रानटी जनावरांशी आपला संबंध नाही, असे म्हणून आपण सुटू शकतो. कोंबडी-बोकडांचे काय?

कोल्हापुरात हा विषय काढणे अवघड आहे. तांबडा-पांढरा ही ह्या शहराची ओळख. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरवाढीविरुद्ध येथे मोठे आंदोलन झाले ते आपल्याला आठवत असेल. ज्या गावात मटणाच्या भावासाठी माणसे रस्त्यावर येतात, तेथे बोकडाच्या शेवटच्या प्रवासासाठी कोणी रस्त्यावर येईल, अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. आणि लोक जिवंत कोंबडी का मागतात, त्यालाही कारण आहे. समोर उभी असलेली, डोळे उघडे असलेली कोंबडी आजारी नाही एवढे तरी गिऱ्हाइकाला कळते. फ्रीजमधल्या मांसाबद्दल ते कळत नाही. शीतगृह नाही, तपासणीवर भरवसा नाही, म्हणून पिंजरा आहे. हा गरिबाने आपल्या परीने काढलेला मार्ग आहे.

पण त्याच पिंजऱ्यात धोकाही आहे. निरनिराळ्या गावांच्या कोंबड्या, बदके, लाव्ये एका जागी दाटीने येतात. आज काही विकली जातात, उद्या नवी त्यांच्यात मिसळतात. बाजार कधी पूर्ण रिकामा होतच नाही, म्हणून तेथे शिरलेला विषाणूही मुक्काम सोडत नाही. हाँगकाँगमध्ये १९९७ साली बर्ड फ्लूची माणसांना लागण झाली. १८ जण आजारी पडले, ६ दगावले आणि शहरातील सर्व कोंबड्या, १० लाखांहून अधिक, मारून टाकाव्या लागल्या. त्यानंतर तेथील शासनाने एकदम बंदी घातली नाही. २००१ पासून महिन्यातून एक दिवस बाजार पूर्ण रिकामा करून धुण्याचा नियम केला. पुढे ज्यांना धंदा सोडायचा होता त्यांना पैसे देऊन परवाने परत घेतले. आणि २००८ मध्ये ठरविले, की दुकानात जिवंत पक्षी रात्रभर ठेवायचा नाही. एवढ्याशा गोष्टींनी बाजारातील विषाणू पुष्कळ कमी झाला. जिवंत कोंबडी तेथे आजही विकली जाते, मात्र फार थोड्या दुकानांत.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभव थोडा वेगळा आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू सापडला, तो बाजारात नव्हे, पोल्ट्रीच्या शेडमध्ये. लाखो पक्षी मारावे लागले. म्हणून, शहरातला पिंजरा उचलून गावाबाहेरच्या मोठ्या शेडमध्ये नेला की प्रश्न सुटला, असे जे म्हणतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. त्याने दृश्य तेवढे आपल्या नजरेआड जाते.

जनावरांचा बाजार बंद झाला म्हणजे काय होते, हे आपल्या जिल्ह्याने २०२२ मध्ये पाहिले आहे. लम्पी रोग पसरला तेव्हा सप्टेंबरमध्ये शासनाने राज्यभरातील गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने थांबविली. ते आवश्यकच होते. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये अशी मदतही जाहीर झाली. परंतु मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी ज्याला त्याच महिन्यात जनावर विकायचे होते, त्याचे जनावर मेले नव्हते, त्यामुळे तो त्या मदतीत बसत नव्हता. बाजारात दावी, कासरे आणि घुंगरमाळा विकणाराही बसत नव्हता. वडगावच्या बाजारात जाणाऱ्याला ठाऊक आहे की तेथे शेतकरी आपल्या बैलाचे नाव सांगून सौदा करतो आणि पैसे मोजून झाले तरी पाठीवरचा हात काढत नाही. आणि आपल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर शहराच्या मध्यात म्हशी उभ्या राहतात, लोक धारोष्ण दूध पितात. त्या म्हशींची जी निगा राखली जाते ती काही माणसांच्याही वाट्याला येत नाही! तेव्हा जिवंत जनावर शहरात दिसले की ते वाईटच, असा सरसकट नियम करता येणार नाही. नाव असलेला बैल आणि एका पिंजऱ्यात कोंबलेल्या बिननावाच्या वीस कोंबड्या, ह्या दोन गोष्टी एका बंदीत बसत नाहीत.

२०२३ साली गुजरात उच्च न्यायालयापुढे एक प्रश्न आला होता, की कायद्याच्या दृष्टीने कोंबडी हा प्राणी आहे काय? प्राणी असेल तर तिला दुकानात न कापता कत्तलखान्यात न्यावे लागेल. वाचून हसू येते. पण आपणही रोज हाच प्रश्न न विचारता सोडवून टाकीत असतो. दोन्ही पाय बांधून उलट्या लटकविलेल्या कोंबड्या सायकलच्या हँडलला अडकवून नेतात तेव्हा आपण त्यांच्याकडे भाजीच्या जुडीसारखे पाहतो. जनावराला विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्याला शाळेत कोणी शिकविले नाही.

ख्रिस्तसभा काय शिकविते? संत थॉमस अक्वायनस म्हणत, की जनावराशी क्रूरपणे वागणाऱ्याला पुढे माणसाशीही तसेच वागण्याची सवय लागते, म्हणून ते टाळावे. म्हणजे काळजी माणसाचीच. आज ख्रिस्तसभा ह्याच्या पुढे गेली आहे. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ स्पष्ट सांगतो (२४१७), तेव्हा मांस खाण्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये. पण गरज नसताना प्राण्यांना यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे त्याच्याच पुढच्या परिच्छेदात आहे, आणि माणसांच्या दुःखनिवारणाचा पैसा प्राण्यांवर उधळू नये, हेही तेथेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे असे म्हटले.

हे मोल येशूने कोठे पाहिले असेल? आम्हांला वाटते, बाजारात. मत्तयाच्या शुभवर्तमानात (१०:२९) एका नाण्याला दोन चिमण्या असा भाव आहे. लूकच्या शुभवर्तमानात (१२:६) दोन नाण्यांना पाच. हिशेब करून पाहा. दोन नाण्यांना चार व्हायला हव्यात, पाचवी वरकड आहे, जशी आपली भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते तशी. तिला किंमतच नाही. आणि येशू म्हणतो, देवाला तिचाही विसर पडत नाही. पाखरांच्या बाजारातून हिंडल्याशिवाय, भाव ऐकल्याशिवाय हे उदाहरण कोणाला सुचणार नाही. ते तो सांगतो माणसांना धीर देण्यासाठी, कारण त्यांचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे. पण धीर देताना तो चिमणीला फुकटात काढीत नाही.

आता आपल्या सणाचे. आमचे मत असे आहे, की ह्या वर्षी आवारात एकही कोंबडी रात्रभर ठेवू नये. दरवर्षीच्याच विक्रेत्याला सांगावे, दुसऱ्याकडे जाऊ नये. इतकी वर्षे त्याच्या धंद्यावर आपण सण साजरे केले आहेत. त्याने सणाच्या दिवशी पहाटे आपल्या दुकानी कापून, स्वच्छ करून आणून द्यावे, आणि त्याला जी जादा मजुरी पडेल ती आपण द्यावी. पिंजऱ्यात गर्दी कमी ठेवून पाणी ठेवणार असेल तर त्याचेही पैसे द्यावेत. पानामागे खर्च थोडा वाढेल, गोडाचा एक पदार्थ कमी करावा लागेल. आणि महापालिकेने उद्या हे बाजार हलवायचे ठरविले, तर विक्रेत्यांना आधी जागा आणि पाणी द्या, बंदी नंतर घाला, असे निवेदन आपल्या धर्मग्रामानेही द्यावे.

काहींना हे पटणार नाही, हे आम्ही जाणतो. गरीब कुटुंबांसाठी जमा केलेल्या पैशांतून कोंबड्यांचे लाड कशाला, असे एका सदस्याने आम्हांला आधीच विचारले आहे, आणि तो प्रश्न वावगा नाही. म्हणून जादा खर्च त्या निधीतून न घेता सणाच्या वर्गणीतून घ्यावा, असे सुचवितो. पॅरिश कौन्सिलची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये होईल. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी जरूर यावे. त्या आजींनाही आम्ही निरोप धाडला आहे.