संथ चित्रपट आणि पाहण्याचे कर्तव्य

संथ चित्रपट पाहताना कंटाळा आला, तर दोष कोणाचा, चित्राचा की प्रेक्षकाचा? सुशिक्षित घरांतूनही निकाल बहुधा चित्राविरुद्धच लागतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) पाहणारास मात्र हा निकाल पुन्हा तपासावा लागेल. व्हेनिसच्या महोत्सवात गौरविलेल्या या चित्रपटात, गटार साफ करणाऱ्या कामगारास आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप एका वृद्ध लोकशाहिरावर आहे. खटला रेंगाळतो, कॅमेरा बव्हंशी निश्चल राहून ते रेंगाळणे पाहतो. वकील, आरोपी, बाकांवर ताटकळणारी माणसे एकाच चौकटीत असतात. कोणाकडे पाहावयाचे, हे आपणच ठरवावयाचे. ही निवड केवळ कलेची नव्हे, नीतीचीही आहे. ज्याच्याकडे आपण क्षणभरही पाहत नाही, त्यास न्याय तो काय देणार? आमच्या विष्णुपुरीस गोदावरी बंधाऱ्याने अडविली आहे. अडलेल्या पाण्यावरच शेते भिजतात. दृष्टीचेही तसेच आहे.

संथपणा हा स्वतः गुण नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पोकळ दृश्य लांबविल्याने खोल होत नाही. परंतु येथे विलंब हाच विषय आहे. तो घाईने दाखविणे म्हणजे असत्य सांगणे होय.

शेवटी न्यायालय रिकामे होते, दिवे मालवतात, चित्र संपलेसे वाटते. तथापि ते पुढे चालते आणि सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांस दाखविते. घाईने उठणारास ते दिसावयाचे नाही. म्हणून कंटाळ्याचा दोष चित्रावर ठेवण्यापूर्वी, आपण खरोखर पाहिले काय, हे प्रथम विचारावे.